पाळण्यातली सविकल्प समाधी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाभागातील बोली असे भारदस्त विषय आपल्यापुढे मांडले. त्यांच्या पंक्तीला बसून मी आज पाळण्याविषयी बोलणार आहे. पाळणा म्हणजे बारशाचा नव्हे, जत्रेतला. आणि जत्रेतल्या पाळण्याचे जे अवाढव्य, विजेवर चालणारे, पोटात गोळा आणणारे वंशज आजच्या करमणूक-उद्यानांत दिसतात, त्यांचा. चिटणीसांनी विषय ऐकल्यावर क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि "बालविभागासाठी ठेवू का?" असे विचारले. मी नको म्हटले. मुलांना यातले सगळे ठाऊकच असते. समजून घ्यायचे आहे ते आपल्याला.

मी अभियंता नाही. बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींच्या सहवासात तीसएक वर्षे काढली. या विषयाकडे मी वळलो तो आपल्या मंडळाच्या सहलीमुळे. मैसूर रस्त्यावर बिडदीजवळ २००५ साली सुरू झालेले 'वंडरला' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेथे 'रिकॉइल' नावाची एक गाडी आहे. ती प्रवाशांना आधी पाठमोरी उंच ओढून नेते, मग सोडून देते. गाडी वळसे घेत, उलटीपालटी होत पलीकडच्या चढावर जाते आणि त्याच मार्गाने, पुन्हा पाठमोरी, परत येते. या गाडीला कथा नाही, पात्र नाही, देखावा नाही. तरीही उतरणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काहीतरी घडून गेल्याची खूण असते. त्याच दिवशी आमच्यातली एक मुलगी भुताच्या घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, भूत चांगलं होतं, पण त्याच्या मागची वायर दिसत होती." एकीकडे काहीही न दाखवता संपूर्ण अनुभव, आणि दुसरीकडे सर्व काही दाखवूनही एका वायरीने मोडलेला अनुभव. हे असे का व्हावे, याचा विचार करीत मी घरी आलो आणि तेव्हापासून तो विचार काही सुटलेला नाही.

आपल्या परंपरेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या मांडवांत राहत आल्या. जत्रेतला लाकडी रहाटपाळणा आठवा. चार पेट्या, वर चढून पायाने त्या फिरविणारा एक काटक माणूस, आणि कुरकुरणारा कणा. त्याला कथानक नव्हते. वर जाताना गाव लहान दिसे आणि खाली येताना पोट वर राही, एवढाच त्याचा आशय. बंगळूरकरांना दूर जायलाही नको. बसवनगुडीत कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणाऱ्या कडलेकाई परिषेत भुईमुगाच्या राशींच्या पलीकडे पाळणे आजही फिरतात. आणि दुसरा मांडव म्हणजे गणेशोत्सवातला देखावा. पुण्यात हलते देखावे पाहण्यासाठी आपण वडिलांच्या खांद्यावर बसून तासन्‌तास रांगेत उभे राहिलो आहोत. अफझलखानाचा वध, गीतोपदेश, रामसेतू. पडदा बाजूला होई, निवेदकाचा आवाज घुमे, पुतळ्याचा हात वर जाई आणि आपण प्रतापगडाच्या पायथ्याशी उभे असू. तेथे कथा होती, काळोख होता, आवाज होता. प्रेक्षक मात्र जागचा हलत नसे. पाळण्यात शरीर हलते आणि मन मोकळे राहते. देखाव्यात मन गुंतते आणि शरीर स्वस्थ राहते. आजचे करमणूक-उद्यान या दोघांचे लग्न लावू पाहते, आणि सर्व लग्नांप्रमाणे यातही खरी अडचण मुहूर्तानंतर सुरू होते.

ही अडचण समजून घेण्यासाठी मला कोठल्याही परदेशी ग्रंथाकडे जावे लागले नाही. बी.ए.च्या वर्गात शिकलेले एक प्रकरण उपयोगी पडले. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून भाषण करताना वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगितली आणि तिला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, त्याच्या सुखदुःखाशी एकरूप होतो, पण स्वतःची भूमिका पूर्णपणे सोडीत नाही. 'मी मीच आहे' ही जाणीव मागे कोठेतरी तेवत राहते. ती विझली तर समाधी निर्विकल्प होईल, आणि मग रंगमंचावरच्या खलनायकाला प्रेक्षक खरोखरच चप्पल मारील; त्याला आनंद होणार नाही, संताप होईल. उलट ती जाणीवच फार प्रखर झाली तर समाधी लागणारच नाही. या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ खल झाला. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की केळकरांनी कादंबरी आणि नाटक डोळ्यांपुढे ठेवून जे सांगितले, ते भुताच्या घराला तंतोतंत लागू पडते. भूत खरे वाटले पाहिजे. आणि ते खरे नाही हेही ठाऊक असले पाहिजे. दोन्ही एकाच वेळी.

पाश्चात्त्यांकडे हे लग्न लवकर लागले. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस टॉमसन याने १८८४ साली रुळांवरून उताराने धावणारी गाडी उभारली. तिचा वेग ताशी सहा मैलांच्या आसपास आणि भाडे पाच सेंट. आपली रिक्षा सिल्क बोर्डच्या चौकात याहून फार वेगाने जाते असे नाही. पण पाचच सेंटांत लोकांची झुंबड उडाली. नवल पुढेच आहे. त्याच टॉमसनने लवकरच मार्गावर काळोखी बोगदे घातले आणि त्यांत रंगविलेली दृश्ये उजळू लागली. म्हणजे नुसत्या उताराने माणसाचे मन भरत नाही, हे त्याला तीन-चार वर्षांतच उमगले. पुढे १९०१ साली बफेलोच्या प्रदर्शनात फ्रेडरिक टॉमसन याने 'चंद्राची सफर' मांडली. प्रवासी पंखांच्या हवाई जहाजात बसत, खाली पृथ्वी दूर जाताना दिसे, आणि चंद्रावर उतरल्यावर तेथील रहिवासी त्यांना हिरव्या चीजचे तुकडे खायला देत! चंद्र हा हिरव्या चीजचा बनलेला आहे, अशी तिकडे एक म्हण आहे. एवढी चित्तवेधक सफर रचून शेवटी त्या गृहस्थाने प्रवाशांच्या हातात एक विनोद ठेवला. मला हा माणूस मोठा शहाणा वाटतो. समाधी फार गाढ होऊ लागली की हळूच चिमटा काढावा, हे त्याला कळत होते.

या प्रश्नावरचा सर्वांत बोधप्रद झगडा मात्र कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये झाला. 'हॉन्टेड मॅन्शन' नावाच्या झपाटलेल्या वाड्याची बाहेरची इमारत १९६३ सालीच बांधून झाली होती; पण आत काय असावे हे ठरेना. क्लॉड कोट्स हा पार्श्वभूमीचा चित्रकार. त्याला लांबलचक निर्जन दालने, सावल्या, कोंदटपणा, म्हणजे वातावरण हवे होते. मार्क डेव्हिस हा पात्रांचा आणि हास्यप्रसंगांचा माणूस. त्याला नाचणारी, गाणारी, फजिती पावणारी भुते हवी होती. वॉल्ट डिस्ने १९६६च्या डिसेंबरात वारला आणि निवाडा करणारा कोणी उरला नाही. अखेर १९६९च्या ऑगस्टात वाडा उघडला तेव्हा त्यात दोघांचेही होते. पहिला अर्धा भाग कोट्सचा, गंभीर आणि भयाण. दुसरा अर्धा डेव्हिसचा, भुतांच्या मेजवानीचा. आम्हा सरकारी माणसांना ही तडजोड लगेच ओळखू येते. दोन अधिकाऱ्यांची मते जुळली नाहीत की टिपणीत दोन्ही परिच्छेद ठेवून वर पाठवितात. परंतु या फायलीचा निकाल उत्तम लागला. आधी भय मुरते आणि मग हसू फुटते. क्रम उलटा असता तर हसून झालेल्या माणसाला पुन्हा घाबरविणे कोणालाही साधले नसते. आपल्या दशावतारातही संकासुर हसवून जातो, पण तो आख्यानाच्या आधी येतो, ऐन युद्धात नव्हे. क्रमाचे भान त्या खेळ्यांना होते.

आता आपल्याकडे वळतो. महाराष्ट्रात गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' १९८९ साली उघडले. माझ्या पिढीच्या मुंबईकरांना बोटीतून तेथे गेलेली सहल आणि दूरदर्शनवरची त्याची जाहिरात अजून आठवते. २०२२ साली ते बंद झाले. तेथील पाळणे मुख्यतः मौजेचे. कथेचा आव नव्हता. २०१३ साली खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांनी 'इमॅजिका' उभारले, ते मात्र चित्रपटाच्या धंद्यातल्या माणसाचे उद्यान होते आणि त्याने कथेवरच भर दिला. १९८७च्या 'मिस्टर इंडिया' चित्रपटावरची सफर, सलीमगढचा झपाटलेला किल्ला, अलिबाबाची गुहा. राजासॉरस या प्राण्याच्या नदीतली जलसफर तर मला विशेष आवडते, कारण तो प्राणी आपल्याच देशातला. गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ साली त्याचे नामकरण झाले. परक्या राक्षसापेक्षा नर्मदेकाठचा राक्षस बरा! त्याच आवारात 'नायट्रो' ही पायांखाली तळ नसलेली, पाच वेळा उलटी होणारी गाडीही आहे आणि तिला कथा नाही. अशा उद्यानाला खर्च अफाट लागतो. ती कंपनी कर्जाच्या बोजाखाली आली आणि २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. उलट कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी २००० साली कोचीत आणि पुढे आपल्या बिडदीत जी उद्याने उभारली, त्यांनी पाण्याचे खेळ आणि सरळ मौज यांवर भर दिला, काही पाळणे स्वतःच्याच कारखान्यात बनविले, आणि त्यांचा व्याप वाढत गेला. यावरून कथा तोट्याची आणि धक्के नफ्याचे, असा हिशेब कोणी मांडील. मला तो घाईचा वाटतो. कथा महाग असते हे खरे. पण ती महाग असते ती भिंती, पुतळे आणि पडदे यांमुळे. हिरव्या चीजच्या तुकड्याला कितीसा खर्च आला असेल?

येथे शरीराविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण पाळण्यातला रसिक केवळ डोळ्यांनी रस घेत नाही. आपल्या कानाच्या आतल्या पोकळीत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. मान कलली किंवा वेग वाढला की ते सरकतात आणि मेंदूला वर्दी देतात. गंमत अशी की मागे कलणे आणि पुढे वेगाने निघणे, यांतला फरक त्या कणांना कळत नाही. चित्रपटाच्या पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांची सगळी जादू या अडाणीपणावर उभी आहे. खुर्ची हळूच मागे कलते, पडद्यावर विमान सुटते, आणि जागच्या जागी बसलेल्या माणसाला वाटते की आपण उडालो. पण डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर मेंदू तिसऱ्या साक्षीदाराला, म्हणजे पोटाला, बोलावतो. अशा एका खुर्चीवरून उतरल्यावर मी अर्धा तास लिंबूसरबत पीत बाकावर बसून होतो. दोष खुर्चीचा नव्हता, माझ्या कानाचा होता. परंतु एक गोष्ट पटली, ती ही की तन्मयता वाढविण्यासाठी केलेली प्रत्येक युक्ती शरीराकडून वेगळे भाडे वसूल करते.

गाडी उलटी करणाऱ्या वळशाचेही तसेच. १८९५च्या सुमारास कोनी आयलंडवर एक वळसा उभारला गेला, तो नेमका वर्तुळाकार होता. सरळ रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरली की भार एका क्षणात कितीतरी पट वाढतो; प्रवाशांच्या माना दुखावत आणि ते प्रकरण फार दिवस चालले नाही. उपाय रेल्वेच्या अभियंत्यांना पूर्वीपासून ठाऊक होता. वळण एकदम द्यायचे नाही, त्याची वक्रता हळूहळू वाढवीत न्यायची. जर्मनीच्या वेर्नर श्टेंगेल याने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका गाडीला हाच न्याय लावला आणि वळसा थेंबाच्या आकाराचा झाला. तेव्हापासून माणूस उलटा होऊनही हसत उतरू लागला. मौज म्हणून जी दिसते तिच्या पोटात एवढे गणित असते.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी वस्तुतः येथे उभा आहे ती सांगतो. केळकरांच्या समाधीतला 'विकल्प', म्हणजे 'मी सुरक्षित आहे' ही मागची जाणीव, वाचकाच्या बाबतीत नेहमीच खरी असते. कादंबरीतल्या तलवारीने आजवर कोणाला इजा झाली नाही. पाळण्यात मात्र ती जाणीव खरी असेलच असे नाही; ती कोणीतरी खरी ठेवावी लागते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी झोके घेणारा एक पाळणा मोडून पडला. दोघे मृत्यू पावले आणि पंचवीसहून अधिक जखमी झाले. ती माणसे शेवटच्या क्षणापर्यंत ओरडत होती आणि खाली उभ्या असलेल्यांना ते ओरडणे मौजेचेच वाटले असणार, ही कल्पना मला सोडीत नाही.

नोकरीच्या काळात एका जत्रेत, जिल्हा आणि गाव सांगत नाही, पाळण्याच्या मालकाने मला त्याची तपासणीची वही दाखविली होती. मी सरकारी माणूस आहे एवढेच त्याला कळले होते. त्या वहीशी माझ्या खात्याचा काही संबंध नव्हता. वही सुरेख होती. रोज सकाळी बोल्ट पाहिले, वंगण घातले, रिकामा पाळणा चालवून पाहिला, खाली सही. त्या दिवशी मंगळवार होता आणि सह्या रविवारपर्यंतच्या होत्या. मी त्याला विचारले तेव्हा तो निर्व्याजपणे म्हणाला, "साहेब, जत्रेत वेळ कुठला मिळतो? आधीच करून ठेवल्या." माझ्याबरोबरची मुले तोवर पेटीत बसली होती. मी त्यांना उतरविले. ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाहीत. मी पुढे संबंधित कचेरीला पत्र लिहिले, त्याची पोच आली, आणि जत्रा संपली. त्या माणसाविषयी मला राग नाही. तो रात्री पाळण्याखालीच निजत असे आणि त्याचा मुलगा वरच्या पेटीत बसून गिऱ्हाईक बोलावीत असे. पण या रविवारपर्यंतच्या सह्या आमच्या कचेऱ्यांनीच त्याला शिकविल्या, असे मला वाटते. वहीचा रकाना भरलेला दिसला की आम्ही पुढचे पान उलटतो.

म्हणून करमणूक-उद्यानांत गाडी सुटण्यापूर्वी जी सूचना होते, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत, चष्मा काढा, दांडी धरा, तिच्याविषयी रचनाकार मंडळी कुरकुर करतात की तिने भुताचा प्रभाव उतरतो, ती तक्रार मला मान्य नाही. उतरू द्या. कुशल रचनाकार ती सूचना भुताच्याच तोंडी घालतो. डिस्नेच्या वाड्यात तसेच केलेले आहे. पण प्रत्येकाच्या मांडीवरची दांडी हाताने ओढून पाहणारा तो गणवेशातला मुलगा मात्र कोणत्याही कथेत लपवू नये. तो दिसला पाहिजे. त्याच्या हाताच्या त्या एका हिसक्यावर पुढची सगळी समाधी उभी असते.

शेवटी एक कल्पना मांडतो आणि आपली रजा घेतो. पुण्याजवळ आंबेगाव येथे बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतली शिवसृष्टी उभी राहत आहे. तिचा पहिला टप्पा २०२३च्या शिवजयंतीला खुला झाला. 'जाणता राजा'त हत्तीघोडे रंगमंचावर आणणाऱ्या माणसाचे हे स्वप्न. मध्यंतरी एका तरुणाने मला मोठ्या उत्साहाने सुचविले की आग्र्याहून सुटकेवर एक वेगवान गाडी व्हावी. प्रवाशांनी पेटाऱ्यात बसावे आणि गाडी सुसाट सुटावी. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो रोमांच नव्हता. पेटाऱ्यांच्या हकीकतीविषयी इतिहाससंशोधकांत मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. पण महाराजांच्या भूमिकेत बसून आपण किंचाळत खाली यायचे? ज्या प्रसंगाचे सर्व सामर्थ्य नि:शब्दतेत आहे, त्याचा गोंगाट करायचा? मी त्याला ठाम नाही म्हणून सांगितले. घरी आल्यावर मात्र वाटले की नुसते नाही म्हणणे हेही आमच्या कचेरीचेच वळण. मग मी विचार करीत बसलो.

त्या प्रसंगात आपल्या परंपरेने आणखी एक भूमिका जपून ठेवली आहे. महाराज निसटले तेव्हा त्यांच्या पलंगावर हिरोजी फर्जंद शेला पांघरून निजला होता; हातातले कडे पहारेकऱ्यांना दिसेल असा एक हात बाहेर, आणि मदारी मेहतर पाय चेपीत होता. जगासाठी तो महाराज होता, स्वतःसाठी हिरोजी होता, आणि दोन्ही भूमिका एकाच वेळी सांभाळण्यावर प्राण अवलंबून होते. केळकरांना याहून चांगला दाखला मिळाला नसता. प्रवाशाला हिरोजी करावे. गाडी नको, रूळ नकोत. अंधुक दालन, एक पलंग, अंगावर शेला, बाहेर काढलेल्या हातात जड कडे. दाराशी पावलांचा आवाज यावा, थांबावा, कोणीतरी आत डोकवावे, आणि पलंगाने, अगदी सूक्ष्मपणे, त्या पावलांबरोबर कंप पावावे. एवढेच. लहान मूल असेल तर त्याला हसू दाबवणार नाही. शिपाई फसला याचे ते हसू असेल, आणि ते मला चालेल. पावले दूर गेली की प्रवाशाने उठावे, शेला नीट करून उशांवर घालावा, आणि "महाराजांचे डोके दुखते आहे, गडबड करू नका" असे पहारेकऱ्याला सांगून आपल्या पायांनी बाहेर चालत जावे.

शिवसृष्टीच्या मंडळींनी ही सूचना मनावर घेतली तर माझी एकच विनंती राहील : ती बाहेरची वाट खेळण्यांच्या दुकानातून काढू नये.